फाईल हळू जाते : दोष तारेचा की आकड्याचा?

संगणकाच्या दुकानात वस्तू घेताना खोक्यावरचा आकडा आपण वाचतो आणि त्यावर विश्वास टाकतो. स्विचवर ‘एक गिगाबिट’ असते, मेमरी कार्डावर ‘क्लास १०’, केबलवर ‘कॅट ६’. सगळे आणून जोडले की फाईल मात्र रखडत रखडत जाते. मग सल्ले सुरू होतात. कोणी बफर वाढवायला सांगतो, कोणी एमटीयू बदलायला, कोणी थेट नवा स्विच घ्यायला. या लेखात आम्हांला त्या आकड्यांची आणि त्या सल्ल्यांची, दोन्हींची झडती घ्यायची आहे. उदाहरण म्हणून आम्ही निवडला आहे तो रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटाएवढा, लिनक्सवर चालणारा संगणक. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने तो आणला, किंमत ३५ डॉलर ठेवली, आणि मुलांनी संगणकाच्या आत डोकावून प्रोग्रॅमिंग शिकावे हा हेतू उघडपणे सांगितला. पुढे तो शाळांप्रमाणेच यंत्रांच्या पोटात, हवामान केंद्रांत, कॅमेऱ्यांत आणि छोट्या सर्व्हरांत जाऊन बसला. शिकण्यासाठी केलेली वस्तू असल्याने तिचे वर्णनपत्रक एखाद्या पाठ्यपुस्तकासारखे तपासले तर अन्याय होणार नाही.

आधी हिशेब करू, कारण निम्म्या तक्रारी हिशेब न केल्याने जन्माला येतात. जालाचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाईलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जाणार. पण तेवढेही जात नाहीत. माहिती पाकिटांतून जाते आणि पाकिटालाही जागा लागते. इथरनेटच्या नेहमीच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. बाहेरून पत्त्याचे १४, तपासणीचे ४, ‘सावधान, येतो आहे’ असे सांगणारे ८, आणि दोन पाकिटांमध्ये सक्तीने सोडलेली १२ बाइटांएवढी मोकळी जागा, असे ३८ वाढतात. आतल्या १५०० मधून टीसीपी आणि आयपी या नियमांची शीर्षके, वेळेच्या शिक्क्यासह, ५२ बाइट खातात. म्हणजे तारेवर १५३८ बाइटांची जागा अडवून आपल्या फाईलचे फक्त १४४८ बाइट पुढे सरकतात. भागाकार करून पाहा : सुमारे ९४ टक्के. तेव्हा १०० मेगाबिटच्या तारेवर सेकंदाला सुमारे ११.८ मेगाबाइट आणि गिगाबिटच्या तारेवर सुमारे ११८ मेगाबाइट ही कमाल झाली. ज्याला ११.५ मिळत आहेत त्याची तार उत्तम आहे, त्याने काहीही दुरुस्त करू नये. सातवी-आठवीच्या मुलांना जमेल असा हा भागाकार संगणकाच्या पुस्तकांत आम्हांला क्वचितच आढळला. तेथे १०, १०० आणि १००० हे आकडे पाठ करण्यासाठी असतात.

आता वर्णनपत्रकाकडे वळू. पहिल्या रास्पबेरी पाय ‘बी’ मॉडेलवर जालाचे सॉकेट १०० मेगाबिटचे होते. ते प्रोसेसरला सरळ जोडलेले नव्हते. जालाचे सॉकेट आणि यूएसबीची सॉकेटे ही सगळी एका मधल्या चिपवर येत, आणि त्या चिपपासून प्रोसेसरपर्यंत यूएसबी २.० ची एकच वाट होती. या वाटेचा छापील वेग ४८० मेगाबिट. तिच्यावरून एका वेळी एकाच दिशेने माहिती जाते आणि तिचाही स्वतःचा नियमांचा खर्च असतो. १०० मेगाबिटसाठी ती पुरेशी होती. मार्च २०१८ मध्ये ‘३ बी प्लस’ आले. त्यात मधली चिप गिगाबिटची झाली, पण प्रोसेसरपर्यंतची वाट तीच यूएसबी २.० ची राहिली. सहापदरी रस्ता थेट गावच्या वेशीपर्यंत आणला आणि वेशीवरचा पूल जुनाच ठेवला, असा हा प्रकार.

येथे निर्मात्यांना दोष देण्याची घाई करू नये. ही जोडणी यूएसबी २.० वरून आहे आणि कमाल ३०० मेगाबिट मिळतील, हे त्यांनी वर्णनपत्रकात स्वतःच लिहिले होते. ३०० ला ८ ने भागले की ३७.५ मेगाबाइट येतात. आधीच्या मॉडेलच्या तिप्पट, आणि त्या किमतीत वाईट नाही. आमचा आक्षेप शब्दाच्या प्रवासावर आहे. पत्रकातून दुकानात आणि दुकानातून शाळेच्या खरेदीच्या यादीत जाताना ‘गिगाबिट’ हा शब्द टिकला, ‘कमाल ३००’ मात्र वाटेत गळून पडले. विशेषण राहिले आणि मर्यादा गेली. विज्ञानाच्या पुस्तकात एखादा नियम सांगून तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो हे वगळले तर आपण शिक्षक लगेच हरकत घेतो. येथेही तीच घ्यायला हवी.

३०० चा आकडासुद्धा पूर्ण गोष्ट सांगत नाही. पुष्कळ जण या बोर्डाला यूएसबीची हार्ड डिस्क लावून त्याचा फाईल-सर्व्हर करतात. डिस्कवरची फाईल जालावर पाठवताना प्रत्येक बाइट आधी डिस्ककडून प्रोसेसरच्या स्मृतीत येतो आणि मग स्मृतीतून जालाच्या चिपकडे जातो. दोन्ही वेळा वाट एकच, यूएसबीची. म्हणजे पुलावरून माल एकदा गावात येतो आणि लगेच त्याच पुलावरून बाहेर जातो. तेथे ३७.५ ची अपेक्षा धरणे चूक. त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तर ते यंत्राच्या रचनेला धरून आहे. जून २०१९ च्या ‘पाय ४’ मध्ये जालाला प्रोसेसरपर्यंत स्वतंत्र वाट मिळाली आणि वेगवान यूएसबीला वेगळी. पूल एकदाचा रुंद झाला.

या सगळ्यावरून निदानाची पद्धत आपोआप सुचते. फाईल एका संगणकाच्या डिस्कवरून निघते, स्मृतीत येते, कदाचित तिचे सांकेतिक रूपांतर होते, तारेवरून जाते, दुसऱ्या टोकाला पुन्हा स्मृतीत उतरते, सांकेतिक रूप उलगडले जाते आणि शेवटी कार्डावर लिहिली जाते. या साखळीचा वेग तिच्या सर्वांत अरुंद कडीएवढा. तेव्हा ‘जाल हळू आहे’ हे वाक्य निदान नव्हे, तो नुसता संशय आहे. प्रत्येक कडी इतरांपासून सोडवून वेगळी मोजली पाहिजे. त्यासाठी साधने आहेत आणि ती फुकट आहेत. मात्र कोणते साधन काय मोजत नाही, हे आधी ठाऊक असले पाहिजे.

पिंगचेच घ्या. अमेरिकेच्या लष्करी बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडीच्या ध्वनिलहरीसारखे एक छोटे पाकीट पाठवायचे आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. हे साधन विलंब मोजते, वहनक्षमता मोजत नाही. पोस्टमन तालुक्याला किती वेळात पोचतो यावरून तो किती पोती वाहू शकेल ते कळत नाही, तसेच हे. वहनक्षमता मोजण्यासाठी टीटीसीपी नावाचा वेगळा प्रोग्रॅम त्याच काळात तयार झाला. टेरी स्लॅटरी यांच्याबरोबर त्याच्या घडणीत म्यूस यांचाही हात होता. प्रश्न दोन होते म्हणून साधनेही दोन झाली. तरीही ‘पिंग चांगले येते, म्हणजे जाल ठीक आहे’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते.

ते किती फसवे आहे हे दाखवणारा एक दोष सांगतो. शाळेतली जुनी, हाताने जुळवलेली उपकरणे नव्यांना जोडताना तो हटकून भेटतो. तारेच्या दोन टोकांची उपकरणे आपापसांत वेग आणि पद्धत ठरवतात : दोघांनी एकाच वेळी बोलायचे की आळीपाळीने. आता एका टोकाला कोणी हाताने ‘एकाच वेळी’ असे पक्के करून ठेवले आणि दुसरे टोक आपोआप ठरवण्यावर राहिले, तर त्या दुसऱ्याला समोरून उत्तर मिळत नाही. नियमाप्रमाणे ते सावध पवित्रा घेते आणि आळीपाळीची पद्धत धरते. एक जण समोरच्याचे न ऐकता बोलत सुटतो. दुसरा ‘मी बोलत असताना हा मध्येच का बोलतो’ म्हणून आपले वाक्य अर्धवट टाकतो. पिंगचे एकटे पाकीट जाते आणि परत येते, टक्कर होतच नाही, आकडे सुरेख दिसतात. फाईल सुरू झाली की एका बाजूने माहिती आणि दुसऱ्या बाजूने तिची पोच, असे दोन्हीकडून एकदम बोलणे सुरू होते. पाकिटांचा चुराडा होतो आणि वेग कोसळतो. लिनक्सवर ‘ईथटूल’ ही आज्ञा दिली की आपल्या टोकाने काय धरले आहे ते एका ओळीत दिसते. दिव्याचा रंग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा ती ओळ वाचावी.

त्याच आज्ञेने वेगही दिसतो, आणि गिगाबिटच्या जागी १०० लिहिलेले आढळले तर केबल हातात घ्यावी. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तार टोकाशी नीट दाबली गेली नसेल तर पुष्कळ उपकरणे कुरकुर न करता १०० वर उतरतात. सगळे ‘चालू’ राहते, फक्त दहापट हळू. जुन्या केबलचे टोक कापून मुलांना त्या चार जोड्या दाखवता येतात.

तार मोजण्यासाठी आयपर्फ उत्तम. ते एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत नुसता माल ओतते, डिस्कला हात लावत नाही. हीच त्याची मर्यादा आणि हाच त्याचा गुण. आयपर्फने ९४ मेगाबिट दाखवले आणि फाईल मात्र सेकंदाला ३ मेगाबाइटने गेली, तर तार निर्दोष सुटली. आरोपी दुसरीकडे शोधायचा.

दुसरा संशयित म्हणजे कार्ड. ‘क्लास १०’ याचा अर्थ, सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइट. ही हमी व्हिडिओ टिपण्यासाठी आखलेली आहे. शेकडो लहान फाइली विखरून लिहिताना कार्ड काय करेल, याबद्दल ती काही बोलत नाही. शिवाय कार्ड मोजण्याची रूढ युक्तीच सदोष आहे. ‘डीडी’ या आज्ञेने शून्यांची मोठी फाईल लिहायची आणि छापून आलेला वेग वाचायचा, असे सांगितले जाते. पण लिनक्स लिहायचा मजकूर आधी स्मृतीत ठेवून घेते आणि ‘झाले’ म्हणून मोकळे होते. कार्डावर तो सावकाश उतरतो. फाईल लहान असेल तर आपण मोजतो स्मृतीचा वेग आणि श्रेय देतो कार्डाला. मजकूर खरोखर कार्डावर पोचेपर्यंत थांबायला सांगणारा पर्याय त्याच आज्ञेत आहे. तो न लावता दिलेला आकडा आम्ही तरी स्वीकारणार नाही.

तिसरा संशयित प्रोसेसर. एससीपीने फाईल पाठवली की तिचा प्रत्येक बाइट सांकेतिक रूपात जातो. पहिल्या पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्‌झचा, एकाच गाभ्याचा. त्याला हे गणित तारेच्या वेगाने झेपत नाही. एईएस या सांकेतिक पद्धतीसाठी प्रोसेसरमध्ये खास सूचना असतात, त्या या मालिकेत २०२३ च्या ‘पाय ५’ मध्ये प्रथम आल्या. त्यामुळे ‘एससीपीने मोजले, जाल हळू आहे’ हा निष्कर्ष तराजूत धान्याबरोबर पोतेही तोलण्यासारखा आहे. तीच फाईल सांकेतिक रूप न देता, शाळेच्या आतल्याच जालावर पाठवून पाहावी आणि फरक घ्यावा. त्या वेळी ‘टॉप’ ही आज्ञा उघडी ठेवावी, पण तेथेही एक खाचखळगा आहे. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एकच गाभा पूर्ण दमला तरी वरची ओळ ‘सुमारे ७५ टक्के रिकामा’ असे सांगते. चार मजुरांपैकी एक घामाघूम आणि तिघे विडी ओढत बसलेले, असा तो रिकामेपणा. गाभ्यागणिक आकडे पाहिले तरच कळते.

आता सल्ल्यांकडे येऊ, कारण आमचा खरा राग तेथे आहे. ‘टीसीपीची खिडकी मोठी करा, बफर वाढवा’ हा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या रोगाचा आहे. पोच येण्याची वाट न पाहता पाठवणारा किती माल वाटेत सोडू शकतो, ती ही खिडकी. ती किती मोठी हवी? तारेचा वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. शाळेच्या आतल्या तारेवर हा वेळ अर्धा सहस्रांश सेकंद धरला तर १०० मेगाबिटसाठी सव्वासहा हजार बाइट पुरतात. ६४ हजारांची सर्वांत जुनी खिडकीसुद्धा तेथे दहापट मोठी ठरते. मुंबईहून अमेरिकेपर्यंत जाऊन यायला ०.२ सेकंद धरा. आता त्याच वेगासाठी २५ लाख बाइट हवेत, आणि ६४ हजारांची खिडकी असेल तर तार कितीही रुंद असो, सुमारे २.६ मेगाबिटच मिळतील. म्हणून १९९२ मध्येच टीसीपीच्या नियमांत मोठ्या खिडकीची सोय झाली आणि आजचे लिनक्स खिडकी स्वतःच लहानमोठी करते. समुद्रापलीकडच्या तारेचे औषध शेजारच्या खोलीतल्या तारेला पाजण्यात काय अर्थ आहे?

मोठ्या पाकिटांचा सल्लाही असाच. १५०० ऐवजी ९००० बाइटांची पाकिटे वापरली तर आपण वर काढलेले ९४ टक्के ९९ वर जातात आणि प्रोसेसरचे कष्टही काहीसे वाचतात. पण वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला ती पाकिटे चालली पाहिजेत. आणि ज्याची फाईल दहापट हळू जाते आहे, त्याला पाच टक्क्यांची मलमपट्टी कशाला?

हे सल्ले एकामागून एक करून पाहिले की कधीतरी वेग वाढतोच, आणि शेवटच्या सल्ल्याला श्रेय मिळते. तोच मग पुढच्याला सांगितला जातो. ताप उतरल्यावर शेवटच्या अंगाऱ्याला श्रेय देणे आणि हे, यांत आम्हांला फरक दिसत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्याआधी आणि नंतर मोजावे, ही शिस्त प्रयोगवहीत आपण मुलांकडून सक्तीने पाळून घेतो. संगणकाच्या खोलीत शिरताना मात्र ती वही दाराबाहेर राहते.

निदान कसे असावे याचा एक नमुना येथे सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी जाड तार मागितली नाही. गर्दी झाली की पाठवणारे संगणक पोच न आल्याने तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवतात आणि गर्दी आणखी वाढवतात, हे त्यांनी पाकिटांच्या वेळा तपासून दाखवले. १९८८ मध्ये मायकेल कॅरेल्स यांच्यासह त्यांनी सुचवलेला उपाय होता पाठवणाऱ्याने संयम बाळगण्याचा : सुरुवात हळू करायची, पाकीट हरवले की वेग कमी करायचा. आजच्या टीसीपीत त्या उपायाचा वारसा आहे. म्हणून थोडी पाकिटे गहाळ होत असतील तरी वेग बराच घसरतो. टीसीपी त्या गहाळ होण्याला गर्दीची खूण समजतो.

वर्गात करण्यासारखा एक भाग म्हणजे आलेख. फाईल जात असताना दर पाच सेकंदांनी किती मजकूर पोचला ते लिहून घ्यावे आणि वेग-काळ आलेख काढावा. ११.८ च्या किंचित खाली सपाट रेषा आली तर १०० मेगाबिटची तार पुरेपूर वापरली जात आहे. ‘पाय ४’ वर सुरुवात जोरात होऊन थोड्या वेळाने कडा कोसळावा तशी रेषा खाली आली, तर स्मृती भरली आणि कार्डाची खरी ताकद उघडी पडली. करवतीच्या दातांसारखी रेषा आली तर पाकिटे हरवत असण्याचा संशय घ्यावा. लहान फाइलींची पिशवी हा वेगळाच प्रकार. समजा, ५० हजार बाइटांची २००० चित्रे आहेत. सगळी मिळून १०० मेगाबाइट, तारेच्या हिशेबाने साडेआठ सेकंदांचे काम. पण प्रत्येक फाईल उघडणे, बंद करणे, पोच घेणे यांत २० सहस्रांश सेकंद गेले तर ४० सेकंद नुसते उंबरठा ओलांडण्यातच जातात. सगळी चित्रे एका गाठोड्यात बांधून एकच फाईल पाठवावी आणि वेळ पुन्हा मोजावी. फरक पडला तर दोष रुंदीचा नव्हता, उंबरठ्यांचा होता.

शाळांसाठी हा प्रश्न पैशांचा आहे. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी असा एखादा बोर्ड धड्यांचे व्हिडिओ साठवून वर्गातल्या टॅब्लेटना पुरवतो. ‘पाय ३’ असेल तर जालाचे सॉकेट १०० मेगाबिटचे. तीस मुलांनी एकदम पाहायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३ मेगाबिट, तेही हवेतली वाट पुरली तर. अशा वेळी गिगाबिटचा स्विच घेऊन त्या बोर्डाला एका बिटाचाही लाभ होत नाही. त्याआधी एक बिनखर्ची गोष्ट तपासावी : तो बोर्ड स्वतःही वाय-फायवरच आहे का? असेल तर प्रत्येक पाकीट बोर्डापासून वाय-फायच्या डब्यापर्यंत एकदा आणि डब्यापासून टॅब्लेटपर्यंत दुसऱ्यांदा, असे दोनदा त्याच हवेतून जाते, आणि हवेत एका वेळी एकालाच बोलता येते. बोर्ड डब्याला केबलने जोडला की त्यांतली एक फेरी वाचते. केबल मात्र जोडण्याआधी टोकांशी तपासून घ्यावी, आणि आधीचा व नंतरचा आकडा वहीत तारखेसह लिहावा.